सातबारा एका गावी, मत कोणत्या गावी?

सभासद बंधू-भगिनींनो,

आमचे काम उसाचे. लागणीच्या नोंदी घ्याव्यात, बेणे कोणते वापरावे ते सांगावे, तोडणीचा कार्यक्रम लावावा, यातच आमचे वर्ष सरते. असे असता शेतकी विभागाच्या माणसाने मतदार यादीवर का लिहावे, असे कोणी विचारील. विचारणे रास्त आहे. पण नोंद हा आमच्या धंद्यातला रोजचा विषय आहे, आणि नोंद चुकली की काय होते हे आपल्याइतके दुसऱ्या कोणाला कळणार? लागणीची तारीख पंधरा दिवस मागे-पुढे पडली की तोडीचा नंबर बदलतो. एकाच प्लॉटाची नोंद दोन कारखान्यांकडे झाली की दोघांचेही गाळपाचे अंदाज चुकतात. आणि नोंदच राहून गेली तर उभ्या उसाला तुरे येतात व शेतकरी गट ऑफिसच्या पायऱ्या झिजवतो. मतदार यादीचेही असेच आहे. ती देखील एक नोंदवहीच आहे. फरक एवढाच की तिच्यातल्या चुकीची किंमत पाच वर्षे मोजावी लागते.

यादीकडे आपले लक्ष केव्हा जाते? तर मतदानाच्या दिवशी सकाळी. केंद्राबाहेरच्या टेबलावर पोरं चिठ्ठी शोधत असतात, नाव सापडत नाही, मग आवाज चढतो. "गेल्या खेपेला मी इथंच मत टाकलं होतं" हे वाक्य दर निवडणुकीत ऐकू येते. पण त्या घडीला तहसीलदारही काही करू शकत नाही. उमेदवारी अर्ज भरण्याची अखेरची तारीख उलटली की त्या निवडणुकीपुरते यादीत नवे नाव चढत नाही आणि असलेले उतरतही नाही. हा १९५० च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचा दंडक आहे. खिशात ओळखपत्र असले तरी यादीत नाव नसेल तर मत नाही. ओळखपत्र म्हणजे नुसता बिल्ला, हजेरीपुस्तक ते यादीच.

एका मताने काय होते, असे म्हणणाऱ्यांसाठी थोडे आकडे सांगतो. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबई उत्तर-पश्चिम मतदारसंघाचा निकाल ४८ मतांनी लागला. त्याच वर्षीच्या विधानसभेला मालेगाव मध्यचा निकाल १६२ मतांनी आणि साकोलीचा २०८ मतांनी लागला. राजस्थानात २००८ साली नाथद्वाराची जागा तर एका मताने गेली. आपल्या एकेका गावच्या यादीत मयत, दुबार आणि वगळलेली नावे मोजली तर ती किती भरतील याचा ज्याने त्याने आपल्या गावापुरता विचार करावा.

यादीत चूक दोन प्रकारची असते. एक म्हणजे नको ते नाव असणे: माणूस वारला, मुलगी सासरी गेली, मुलगा शहरात कायमचा राहिला, तरी नाव तसेच. दुसरी म्हणजे हवे ते नाव नसणे: माणूस हयात आहे, गावातलाच आहे, पण यादीत नाही. चावडीवर चर्चा होते ती बहुतेक पहिल्या चुकीची. "आमच्या गावात मेलेली माणसं मत टाकून जातात" असे हसत-हसत सांगितले जाते. दुसऱ्या चुकीबद्दल कोणी फारसे बोलत नाही, कारण ज्याचे नाव गेले तो बहुधा चावडीवर बसणारा नसतो. आमच्या मते दुसरी चूक अधिक मोठी. मयताचे नाव राहिले तर चोरीला वाव मिळतो, पण कोणी खोटे मत टाकावयास आला तर केंद्रावरचा प्रतिनिधी दोन रुपये भरून त्याच्या मतास आक्षेप घेऊ शकतो, चौकशी होते. हयात माणसाचे नाव गेले तर मात्र त्याचे मत त्या दिवशी गेलेच. त्याच्या वतीने आक्षेप घ्यावयास कोणी नसते.

जमिनीला मत नाही

आता मूळ मुद्द्यावर येतो. आपल्या मनात मत आणि जमीन यांची एक गाठ पक्की बसलेली आहे. याला कारण आपला कारखाना. कारखान्याच्या निवडणुकीत मत हे सभासदत्वाला चिकटलेले असते. कार्यक्षेत्रात आपली जमीन, तिच्यात ऊस, कारखान्यात आपला भाग, म्हणून आपण सभासद आणि म्हणून मतदार. भाग एक असो की पंचवीस, मत एकच. सभासद रात्री कोठे झोपतो हे येथे कोणी पाहत नाही. ही यादी आपण किती बारकाईने वाचतो! प्राथमिक यादी लागली की गर्दी होते. कोणाची वारसनोंद राहिली, कोणाच्या नावापुढे काय शेरा आहे, हे पोरासोरांनाही पाठ असते. हरकती होतात, सुनावण्या होतात, मग अंतिम यादी. हे चांगलेच आहे.

पण विधानसभेच्या यादीचा हिशेब अगदी निराळा आहे. तेथे जमीन विचारात घेत नाहीत, भाग घेत नाहीत, घराची मालकीसुद्धा घेत नाहीत. माणूस त्या मतदारसंघाचा 'सर्वसाधारण रहिवासी' आहे काय, एवढेच पाहतात. कायद्याच्या विसाव्या कलमात स्पष्ट म्हटले आहे की, एखाद्या ठिकाणी आपले राहते घर आहे एवढ्याच कारणाने कोणी तेथील सर्वसाधारण रहिवासी ठरत नाही. मग नुसत्या सातबाऱ्याची काय कथा? लोकसभेला हीच यादी वापरतात, आणि ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद यांच्या निवडणुकांनाही विधानसभेचीच यादी प्रभागांप्रमाणे व गणांप्रमाणे फोडून वापरली जाते. म्हणजे या एका यादीवर सरपंचापासून खासदारापर्यंत सर्वांचे भवितव्य ठरते.

हा नियम कोणा साहेबाच्या डोक्यातून आलेला नाही. इंग्रजी अमदानीत १९१९ च्या आणि १९३५ च्या कायद्यांखाली मताचा अधिकार शेतसारा, मालमत्ता, कर, शिक्षण अशा पात्रतेवर मिळत असे. ज्याच्या नावे शेतसारा भरला जाई त्याला मत, त्याच्या बांधावर राबणाऱ्याला नाही. स्वतंत्र भारताच्या घटनेने, ३२६ व्या कलमाने, ही अट मोडून टाकली आणि प्रौढ मतदान आणले. प्रथम वय एकवीस होते, १९८९ पासून ते अठरा झाले. जमीनदार आणि भूमिहीन यांची नावे एकाच यादीत अकारविल्हे लागली नाहीत, घर क्रमांकानुसार शेजारी-शेजारी लागली. आमच्या मते ही त्या काळची फार मोठी गोष्ट होती, आणि 'माझी जमीन इथं म्हणून माझं मत इथं' असे म्हणणे म्हणजे नकळत त्या जुन्या वाटेने मागे जाणे आहे.

पुण्यातला मुलगा

हे सर्व सांगण्याचे कारण आपल्या घराघरात आहे. सभासदांची मुले शिकली, पुण्या-मुंबईला, पिंपरी-चिंचवडला नोकरीला लागली, तिकडेच फ्लॅट घेतले, मुलांच्या शाळा तिकडे, गॅसची नोंद तिकडे. दिवाळीला आणि जत्रेला ती गावी येतात. पण मत गावातच ठेवतात. मतदानाच्या आदल्या रात्री जीपगाड्या पाठवून त्यांना आणले जाते आणि गाव त्याचा अभिमान बाळगते. काही जणांनी तर तिकडेही नाव लावलेले असते, इकडेही असते. "असू द्या की, कशाला काढायचं" असे म्हणतात.

बंधूंनो, हे बरोबर नाही. एका माणसाचे नाव एका वेळी एकाच मतदारसंघात, आणि त्या मतदारसंघातही एकदाच असावे, असे कायदा सांगतो. दोन्हीकडे मत टाकले तर दोन्ही मते बाद ठरतात. नोंदणीच्या अर्जात खोटे लिहून दिले तर एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकते. गावच्या ग्रामपंचायतीत पाणीपट्टी किती असावी, टाकी कोठे बांधावी, हे ठरविण्याचा हक्क त्या गावात रोज पाणी भरणाऱ्याचा आहे. शहरात राहणाऱ्या मुलाचे रस्ते, शाळा, नळ शहरात आहेत. तेथले नगरसेवक आणि आमदार त्याने निवडावेत.

याला काही अपवाद आहेत, तेही नीट समजून घ्यावेत, नाहीतर उत्साहाच्या भरात भलत्याचीच नावे काढली जातील. लष्करात असलेल्या मुलाचे नाव गावी राहू शकते. त्यांच्यासाठी सेवा मतदार म्हणून वेगळी सोय आहे आणि त्यांचे मत टपालाने येते. वसतिगृहात राहून शिकणाऱ्या विद्यार्थ्याला घरी किंवा शिक्षणाच्या ठिकाणी, दोहोंपैकी एकीकडे नाव ठेवता येते. परदेशी गेलेल्या पण भारतीय नागरिकत्व न सोडलेल्या मुलास वेगळ्या नमुन्यात अर्ज करून गावच्या यादीत नोंद करता येते, फक्त मत टाकावयास स्वतः यावे लागते. आणि जो आज कामासाठी बाहेर गेला आहे पण परत येणार आहे, त्याची गोष्ट आणखी वेगळी. तीच आता सांगतो.

फडातला तोडकरी

विसाव्या कलमाची एक बाजू वर सांगितली. दुसरी बाजू अशी की, माणूस आपल्या राहत्या ठिकाणाहून तात्पुरता बाहेर गेला तर तेवढ्यावरून त्याचे तेथील रहिवासीपण संपत नाही. हे वाक्य जणू ऊसतोड कामगारांसाठीच लिहिले आहे असे आम्हास वाटते. बीड, अहिल्यानगर, जालना आणि इतर जिल्ह्यांतून दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या निघतात. नवरा-बायकोचा एक कोयता, बरोबर लहान पोरे, कधी म्हातारी आई. चार-पाच महिने आपल्या फडात कोपी घालून राहतात आणि पट्टा पडला की माघारी जातात. त्यांचे घर तिकडे, रेशनकार्ड तिकडे, पाडव्यानंतरचे सगळे दिवस तिकडे. कायद्याप्रमाणे ते त्यांच्या गावचे पक्के मतदार आहेत.

म्हणजे गंमत पाहा. जो मुलगा वर्षातून आठ दिवस गावी येतो त्याचे नाव आपण हक्काने ठेवतो, आणि जो माणूस वर्षातले सात-आठ महिने गावात राहतो त्याच्या दाराला कुलूप दिसले म्हणून त्याच्या नावापुढे 'स्थलांतरित' असा शेरा पडण्याची भीती असते. कायदा सांगतो त्याच्या बरोबर उलटे.

ही भीती पोकळ नाही. यादीच्या वार्षिक पुनरीक्षणाचे काम बहुधा दिवाळीच्या मागे-पुढे चालते आणि जानेवारीत अंतिम यादी निघते. मतदान केंद्रस्तरीय अधिकारी, ज्याला सगळे बीएलओ म्हणतात, तो म्हणजे बहुतेक ठिकाणी शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताई. आपले रोजचे काम सांभाळून ही मंडळी दारोदार फिरतात. नेमके त्याच महिन्यांत अर्धी वाडी आपल्या कार्यक्षेत्रात ऊस तोडत असते. गुरुजींना कुलूप दिसते. शेजारी सांगतो, "गेले कारखान्याला." समजदार गुरुजी तसे लिहून ठेवतात. घाईतले गुरुजी काय लिहितील ते सांगता येत नाही.

२०२५ साली बिहारात मोठ्या प्रमाणावर काय झाले ते येथे पाहण्यासारखे आहे, कारण तेही कामासाठी बाहेर जाणाऱ्या माणसांचे राज्य. निवडणूक आयोगाने तेथे यादीची विशेष सखोल तपासणी केली. जूनमध्ये सुमारे ७ कोटी ८९ लाख मतदार होते, १ ऑगस्टच्या प्रारूप यादीत ते ७ कोटी २४ लाख उरले. गळालेल्या सुमारे ६५ लाख नावांपैकी २२ लाखांच्या आसपास मयत, ७ लाखांच्या आसपास दुबार, आणि सुमारे ३६ लाख कायमचे स्थलांतरित किंवा घरी न सापडलेले, असे आयोगाने सांगितले. मयत आणि दुबार यांबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. पण 'घरी न सापडलेला' आणि 'कायमचा गेलेला' यांना एका ओळीत बसविणे धोक्याचे आहे. वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि १४ ऑगस्टला न्यायालयाने आदेश दिला की, वगळलेली नावे कारणांसह जाहीर करा. ३० सप्टेंबरच्या अंतिम यादीत ७ कोटी ४२ लाख मतदार होते. आम्ही त्यातून एवढेच घेतो की, वगळलेल्या नावांची यादी कारणासह लोकांसमोर लागली पाहिजे. कारण वाचता आले तरच माणूस म्हणू शकतो, "अहो, मी मेलो नाही, मी तोडीला गेलो होतो."

आपल्याकडेही २०२४ च्या लोकसभा व विधानसभा निवडणुकांच्या दरम्यान वाढलेल्या नावांवरून विरोधी पक्षांनी आरोप केले आणि आयोगाने ते फेटाळले. हे पत्र कोणत्याही पक्षाचे नाही व सभासदही सर्व पक्षांचे आहेत. त्या वादाचा निवाडा करणे आमचे काम नव्हे. पण ज्यांना यादी फुगल्याची शंका आहे त्यांनी आणि ज्यांना यादी गाळल्याची भीती आहे त्यांनी, दोघांनीही करावयाचे काम एकच आहे: आपल्या केंद्राची यादी ओळीने वाचणे.

नाव काढण्याची रीत

यादी शुद्ध हवी याबद्दल दुमत नाही. ती शुद्ध करण्याची रीतही शुद्ध हवी, एवढाच आमचा आग्रह आहे. एखादा माणूस येथे राहत नाही असे म्हणून त्याचे नाव काढावयाचे असेल तर आधी त्याला नोटीस मिळाली पाहिजे व त्याचे म्हणणे ऐकून घेतले पाहिजे. बाविसाव्या कलमातच ही हमी आहे. १९९५ साली लाल बाबू हुसेन यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हेच अधोरेखित केले की, ज्याचे नाव आधीपासून यादीत आहे त्याची नोंद रीतसर झाली असे धरून चालावे, आणि संशयावरून सरसकट नावे काढू नयेत. नोंदणी अधिकाऱ्याचा, म्हणजे बहुधा आपल्या प्रांतसाहेबांचा, निर्णय पटला नाही तर पंधरा दिवसांत जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील करता येते, त्यावर मुख्य निवडणूक अधिकाऱ्यांकडे.

गावच्या भावकीत नमुना सातचा वापर हत्यारासारखाही होऊ शकतो. निवडणूक जवळ आली की समोरच्या गटाच्या घरांवर गठ्ठ्याने हरकती टाकावयाच्या आणि माणसांना तहसीलला खेटे घालावयास लावावयाचे, असले डावपेच कोणी करू नयेत. खोट्या हरकतीलाही शिक्षा आहे. त्याहून मोठी गोष्ट म्हणजे उद्या तोच डाव आपल्या घरावर फिरतो.

पण कडकपणा नुसता कागदावरचा नको, आणि सैलपणाही नको, याचा एक जुना दाखला आहे. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीसाठी यादी केली तेव्हा अनेक बायकांनी आपले नाव सांगितलेच नाही. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' अशा नोंदी झाल्या. पहिले मुख्य निवडणूक आयुक्त सुकुमार सेन यांनी अशा नोंदी चालणार नाहीत असे ठरविले, नाव सांगण्यास मुदतही वाढवून दिली, तरीही सुमारे २८ लाख नोंदी शेवटी गळाल्या. त्या बहुतेक उत्तरेकडच्या राज्यांतल्या होत्या. नियम कठोर होता, पण त्यामागे विचार होता: मत स्वतंत्र व्यक्तीचे आहे, घराचे नव्हे. पुढच्या निवडणुकांत बायका आपापल्या नावाने यादीत आल्या. आपल्या घरात आजही सून आली की तिचे नाव चढविण्यास दोन-तीन वर्षे लागतात आणि माहेरचे नाव तसेच राहते. सभासद भगिनींनी याकडे स्वतः लक्ष घालावे.

आमच्या सूचना

पहिली सूचना घरापुरती. यादी संकेतस्थळावर, तहसीलमध्ये आणि बीएलओकडे पाहावयास मिळते. १९५० या क्रमांकावर दूरध्वनीवरही विचारता येते. आपल्या घरातील सर्व नावे वाचा. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींसाठी नमुना सहा. २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर अशा चार महिन्यांची पहिली तारीख पात्रतेसाठी धरतात, त्यामुळे वर्षभर थांबावयाचे कारण नाही. घरातील मयताचे नाव काढण्यासाठी नमुना सात. हा कडू घास आहे, पण वारसनोंदीसाठी आपण मृत्यूचा दाखला आणतोच, त्याचीच एक प्रत बीएलओला द्या. पत्ता बदलणे, नावातली चूक सुधारणे यासाठी नमुना आठ. शहरात स्थायिक झालेल्या मुलास तो तेथून भरावयास सांगा. गावचे एक मत कमी होईल, होऊ द्या.

दुसरी सूचना मुकादम आणि टोळ्यांशी व्यवहार करणाऱ्यांसाठी. करार आणि उचल यांची बोलणी उन्हाळ्यात व पावसाळ्यात होतात. त्याच वेळी मुकादमाने आपल्या प्रत्येक कोयत्याची नावे त्यांच्या गावच्या यादीत पाहून घ्यावीत व टोळी निघण्यापूर्वी बीएलओला 'हे लोक तोडणीस जात आहेत, अमुक महिन्यात परततील' असे लेखी कळवून पोच घ्यावी. आमच्या विभागाच्या चिटबॉयनी आणि स्लिपा लिहिणाऱ्यांनी याची आठवण करून द्यावी. यास एक पैसाही खर्च नाही.

कोणी म्हणेल, त्यांची नावे इकडेच लावून टाका म्हणजे प्रश्न मिटला. तो मिटत नाही, बिघडतो. ते येथील सर्वसाधारण रहिवासी नाहीत, आणि शेकडो परगावची नावे आपल्या यादीत आली तर येथील ग्रामपंचायतींचे निकाल टोळ्या कोठे उतरल्या यावर ठरतील. टपाली मतदानाची सोय आज सैनिक, निवडणूक कर्मचारी, अतिवृद्ध, दिव्यांग अशा ठरावीक मतदारांना आहे, तोडकऱ्यांना नाही. दूरस्थ मतदानाचे यंत्र आयोगाने जानेवारी २०२३ मध्ये राजकीय पक्षांपुढे मांडले, पण त्यावर निवडणूक काही झाली नाही. तेव्हा आजच्या घडीला माणूस घरी जाऊ शकणे हाच एक मार्ग उरतो.

म्हणून तिसरी सूचना कारखान्यांपुढे, आणि ती आम्ही आपल्या संचालक मंडळापुढेही नम्रपणे ठेवीत आहोत. लोकसभेचे मतदान एप्रिल-मेमध्ये होते तेव्हा टोळ्या बहुतेक परतलेल्या असतात. २०१४ आणि २०१९ ची विधानसभा निवडणूक ऑक्टोबरात झाली, ती हंगामापूर्वी. २०२४ मध्ये मात्र गाळपास परवानगी १५ नोव्हेंबरपासून आणि मतदान २० नोव्हेंबरला अशी गाठ पडली. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असा कायदा आहे, रोजंदारीवाल्यालाही. पण अडीचशे-तीनशे किलोमीटरवर गाव असलेल्या, टनावर मजुरी घेणाऱ्या जोडप्याला एका दिवसाच्या सुट्टीचा काय उपयोग? जाण्या-येण्यात तीन दिवस मोडतात आणि भाडे वेगळे. अशी गाठ पुन्हा पडली तर परिसरातील कारखान्यांनी एकत्र बसून मोळी टाकण्याची तारीख मतदानानंतर धरावी, असे आमचे मत आहे.

यात सभासदांचे नुकसान किती, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. नोव्हेंबरच्या सुरुवातीस उतारा तसाही कमीच असतो, थंडी पडेल तशी साखर भरते. तेव्हा पाच दिवसांनी सुरुवातीच्या आडसालीचे काही बिघडत नाही. खरा फटका शेवटी तोड येणाऱ्यास बसतो. त्याच्या खोडव्याला उन्हाचे पाच दिवस जास्त सोसावे लागतात व वजन घटते. हे आम्ही नाकारीत नाही. ऊस जास्त असलेल्या वर्षी हा फटका जाणवेल. २०२४-२५ च्या हंगामात तर ऊसच कमी होता आणि राज्यातील बहुतेक कारखान्यांची धुराडी मार्चअखेर थंडावली होती, त्या वर्षी पाच दिवस थांबणे कोणालाही जड गेले नसते. आणि गाठ दरवर्षी पडत नाही. पाच वर्षांतून एखाद्या वेळी पाच दिवसांचा प्रश्न आहे.

आपला कारखाना 'एक सभासद, एक मत' या तत्त्वावर उभा राहिला. मोठ्या बागायतदाराचा ऊस आणि एकरभरवाल्याचा ऊस एकाच काट्यावर वजन होतो, हे आपण अभिमानाने सांगतो. ज्याच्या कोयत्याने तो ऊस काट्यापर्यंत येतो त्याचे मत त्याच्या गावी शाबूत राहावे, यासाठी आपण हातभार लावावा.

पुढील महिन्यात गटवार शेतकरी मेळावे ठेवण्याचा विचार आहे. खोडवा व्यवस्थापनाची माहिती नेहमीप्रमाणे मिळेलच. सभासदांनी येताना आपापल्या केंद्राच्या यादीची प्रत आणावी, कोरे नमुने गट ऑफिसमध्ये ठेवण्याची व्यवस्था करू आणि भरण्यास आमचे कर्मचारी मदत करतील.

आपला,
ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग